प्रत रोस्मेरीला

दोन फेब्रुवारीपासून माझ्या इनबॉक्समध्ये कामाची पत्रं येणं बंद झालं, आणि दोन फेब्रुवारीलाच रोस्मेरी आमच्या विभागाची प्रमुख झाली. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या, एवढीच नोंद माझ्याकडे होती. एक दुसरीमुळे घडली हे मी स्वतःच ठरवून टाकलं.

आमची संस्था ला पाझमध्ये, सोपोकाची वस्तीच्या चढावर आहे. आम्ही हिमनद्या मोजतो. बर्फात खोल भोक पाडून प्लास्टिकची नळी रोवायची, महिन्यानं परत जायचं, नळी किती उघडी पडली ते मोजायचं आणि तेवढं बर्फ गेलं असं लिहायचं. पाच हजार मीटरवर हे काम मी अकरा वर्षं करते आहे. रोस्मेरी नऊ वर्षं. तिला वर गेलं की डोकं धरतं, दर पन्नास पावलांना बसावं लागतं. पण खाली आल्यावर त्याच आकड्यांवर ती असं बोलते की मंत्रालयातली माणसं हातातली कॉफी गार होईपर्यंत ऐकत राहतात. मी बोलायला उभी राहिले की ती फोन बघतात.

गेल्या वर्षी तिच्या निबंधाला बक्षीस मिळालं. त्यातल्या बावीस नळ्यांपैकी एकोणीस मी मोजल्या होत्या. लेखकांमध्ये माझं नाव दुसरं होतं. दुसरं नाव कोणी वाचत नाही.

आणि ती माझी कोमाद्रे आहे. माझी मुलगी मिकाएला दोन वर्षांची झाली तेव्हा तिचं जावळ केलं, आणि केसांची पहिली बट रोस्मेरीनं कापली; पहिली बट कापते ती मुलीची धर्ममाता आणि आईची कोमाद्रे होते. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नाही, कोमाद्रेच म्हणतो. हे नातं मोडता येत नाही. नवरा सोडून जाऊ शकतो. माझा सांता क्रूसला गेला, तो गेलाच. कोमाद्रे कुठे जात नाही. ती रोज समोरच्या टेबलावर असते.

त्या महिन्यात मी एका पत्राची वाट बघत होते. ऑस्ट्रियातल्या एका प्रयोगशाळेत बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून बर्फाचं वय काढतात. तिथे सहा महिने राहून ते शिकायला आमच्या डोंगरांमधून दर दोन वर्षांनी एकालाच घेतात. पुढच्या खेपेला मी वयाच्या अटीत बसणार नव्हते. अर्ज आम्ही दोघींनीही केला होता.

चोवीस जानेवारीला, अलासितासच्या बाजारात, रोस्मेरीनं मला बोटाएवढी सुटकेस घेऊन दिली. त्या दिवशी जे हवं असेल ते इवलंसं विकत घ्यायचं आणि बाराच्या ठोक्याला त्याला धूप दाखवायचा. वर्षभरात ते मोठं होऊन आपल्या दारात येतं. दुसऱ्यानं घेऊन दिलेलं जास्त लागू पडतं म्हणतात.

"ऑस्ट्रियाला न्यायला," ती म्हणाली.

"जागा एकच आहे, कोमाद्रे. अर्ज तूही केला आहेस."

"मग मलाही एक घेऊन दे की. बघू कुणाची आधी मोठी होते."

मी तिला सुटकेस घेऊन दिली. तिच्यासाठी थोडी लहान निवडली. हे तिच्या लक्षात आलं नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोन तारखेला डॉक्टर उगार्तेंनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, रोस्मेरीचं नाव जाहीर केलं. तिच्यापेक्षा दोन वर्षं आधी मी संस्थेत आले होते. मी टाळ्या वाजवल्या. केकचा तुकडा कागदी ताटलीत घेऊन जागेवर आले आणि कामाला लागले. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की इनबॉक्स फार शांत आहे.

आधी मी ते पत्रव्यवहार कमी झाल्याचं लक्षण धरलं; कार्निव्हल जवळ आला की सगळीच ऑफिसं सुस्तावतात. मग पाच तारखेला मी बैठकीला गेले नाही, कारण बैठक आहे हेच मला कळलं नव्हतं. अर्ध्या तासानं सेक्रेटरी दोन्या होविता, म्हणजे होविताबाई, मला बोलवायला आल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. टेबलाच्या टोकाला, प्रमुखाच्या खुर्चीत, रोस्मेरी बसली होती.

"ये कोमाद्रे, बस. पत्र गेलं होतं ना तुला?"

"नाही आलं."

"असं कसं? सगळ्यांना आलं," दोन्या होविता म्हणाल्या. "मीच पाठवलं. तुम्हाला, आणि प्रत रोस्मेरींना."

मी त्या दिवसापासून वही ठेवली. दोन तारखेपासून मला अकरा पत्रं आली होती. एक मिकाएलाच्या शाळेचं, दोन बँकेची, सहा एका गाद्यांच्या दुकानाची आणि दोन रोस्मेरीची. त्या दोन पत्रांवर मी लाल रेघ ओढली. कामाच्या पत्रांपैकी फक्त तिचीच मला मिळत होती. नको असलेल्या पत्रांचं फोल्डर पाहिलं, त्यात काही नव्हतं. जागा भरली आहे का पाहिलं, अर्धीही भरली नव्हती. ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळेचं नाव इनबॉक्सच्या वरच्या चौकटीत टाइप करून शोधलं. डिसेंबरमधली अर्ज मिळाल्याची पोच तेवढी निघाली. मी घरच्या पत्त्यावरून स्वतःला चाचणीची पत्रं पाठवली. पाचच्या पाच आली.

मग मी ग्रोव्हरला बोलावलं. ग्रोव्हर लिमाची आमचे संगणक सांभाळतो. तो तिशीतला आहे आणि जिन्यावरून नेहमी सीताफळासारख्या चिरीमोयाचं आइस्क्रीम खात येतो. त्यानं त्याच्या लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदी उघडल्या.

"तुमची पेटी ठणठणीत आहे, दोन्या कासिल्दा. दोन तारखेपासून सर्व्हरनं तुम्हाला एकशे चोवीस पत्रं दिली आहेत."

"माझ्याकडे सोळा आहेत. त्यातली पाच मीच पाठवलेली."

"मग असं समजा, पोस्टमननं पत्रं दारातून आत टाकली आणि घरातल्या कोणी उचलली. पोस्टमनला घरातलं दिसत नाही." त्यानं चमचा चाटला. "तुमच्या संगणकावर तुम्ही काही नियम-बियम लावले नाहीत ना? अमकं पत्र इकडे, तमकं तिकडे?"

"नाही," मी म्हटलं.

हे उत्तर द्यायला मला एक सेकंदही लागला नाही. संस्थेत शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलानं इतक्या पटकन उत्तर दिलं तर मी त्याला परत मोजायला लावते.

"तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही," असं म्हणता म्हणता मी थांबले. दोन वर्षांपूर्वी मी वर बर्फात असताना एका ठेकेदाराचं पत्र तातडीनं हवं होतं, आणि मी रेडिओवरून रोस्मेरीला पासवर्ड सांगितला होता. मिकाएलाच्या जावळाची तारीख. ती तिला सांगायचीही गरज नव्हती, नुसती आठवण करून द्यायची होती.

ग्रोव्हर गेल्यावर मी पासवर्ड बदलला. तरीही पत्रं आली नाहीत.

इथे खरं तर माझा अंदाज मोडला होता. तिच्याकडे किल्ली होती, मी कुलूप बदललं, तरी चोरी चालूच होती. म्हणजे चोर ती नव्हे. हे सरळ आहे. पण मी वहीत लिहिलं: 'नवा पासवर्डही तिनं ओळखला असणार. ती मला ओळखते.' नोंद अंदाजात बसली नाही की उपकरणात दोष आहे म्हणायचं, ही खोड मी दरवर्षी नव्या मुलांची मोडते.

त्या दिवसांत मी तिच्याकडे फार बघितलं. तिनं नवे बूट घेतले होते, उंच टाचेचे, डोंगरावर कधीच न चालणारे. तिच्या टेबलावरचा फोन सारखा वाजायचा. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात नवीन पत्र आल्याची लहान चौकट दर दोन मिनिटांनी उगवायची आणि मावळायची. मी मोजलं, एका तासात एकतीस. माझ्या स्क्रीनवर त्याच तासात गादीच्या दुकानानं कळवलं की दोन उशांवर एक फुकट आहे. संध्याकाळी एल आल्तोला जाणाऱ्या रोपवेत बसून मी खालची छपरं बघायचे आणि तिच्याकडे आलेल्या पत्रांतलं माझं कोणतं असेल याचा हिशेब करायचे. मिकाएला विचारायची, "मादरिनाकडे कधी जायचं?" धर्ममातेला मुलं मादरिनाच म्हणतात. मी म्हणायचे, "तिला आता वेळ नसतो."

कार्निव्हलच्या आधीचा गुरुवार कोमाद्रेंचा असतो. त्या दिवशी बायका दुपारनंतर काम करत नाहीत. आपापल्या कोमाद्रेला फुलं, केक घेऊन भेटतात, एकत्र जेवतात. सकाळी, जेवणाच्या आधी, मी शेवटची चाचणी घेतली. घरच्या पत्त्यावरून मी संस्थेतल्या माझ्या पत्त्यावर एक पत्र पाठवलं आणि त्याची प्रत रोस्मेरीला दिली. विषयात लिहिलं, 'नळ्यांची यादी'. तिला दिसलं की ती उडवते का ते बघायचं होतं.

पत्र आलं नाही.

लगेच प्रत न देता तेच पत्र पाठवलं. आलं. प्रत देऊन पाठवलं. नाही आलं. तीन वेळा केलं आणि तीनही वेळा तसंच झालं. रोस्मेरीला कळलेलं पत्र मला मिळत नव्हतं, न कळलेलं मिळत होतं. इतका स्वच्छ निकाल मला अकरा वर्षांत बर्फानंही दिलेला नाही. मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता.

जेवण दोन गल्ल्या खाली, कोपऱ्यावरच्या खानावळीत होतं. आम्ही बारा जणी. पुचेरोच्या मोठ्या ताटल्या आल्या होत्या, मांस, काबुली चणे, कोबी आणि वर आख्खे पीच. दोन्या होविता आधीच गाऊ लागल्या होत्या. रोस्मेरी उशिरा आली. तिनं रंगीत कागदाच्या फिती आणल्या होत्या. एकेकीच्या गळ्यात घालत ती माझ्यापाशी आली. माझ्या गळ्यात पिवळी फीत घातली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"मग कोमाद्रे? आज तरी काही सांगणार आहेस की नाही?"

"काय सांगू?"

"म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच?" ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते.

मी फीत काढून ताटलीशेजारी ठेवली. "सांगायचं तू आहेस. माझी पत्रं कुठे आहेत?"

"कसली पत्रं?"

"एकशे आठ पत्रं. सर्व्हरनं दिलेली आणि मला न मिळालेली. मी तीनदा तपासलं आहे. तुला प्रत गेली की माझं पत्र नाहीसं होतं. माझा पासवर्ड दुनियेत एकट्या तुला माहीत आहे."

दोन्या होवितांचं गाणं थांबलं. कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"तुझ्या लेकीचे पहिले केस मी कापले, कासिल्दा," रोस्मेरी म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिनं मला नावानं हाक मारली. "आता तुझी पत्रं कापते म्हणतेस?"

"खुर्ची मिळाली ना? बक्षीस मिळालं. आता एक जागा राहिली आहे, तीही पाहिजे असेल."

"जागा!" ती इतक्या मोठ्यानं हसली की वाढणारी बाई वळून बघायला लागली. "जागेचं पत्र तीन तारखेला आलं तुला. प्रत मला. तू निवडली गेलीस. कालपर्यंत उत्तर द्यायचं होतं. नऊ दिवस मी समोर बसून वाट बघते आहे, ही बाई कधी उठून येईल आणि म्हणेल, कोमाद्रे, बघ, झालं माझं काम. बाहेरच्यांना आधी सांगेल की मला? नऊ दिवस! आणि तू नुसती माझ्याकडे डोळे वटारून बघतेस."

"मला कुठलंही पत्र आलेलं नाही."

"शाब्बास. नाटकही येतं तुला. मला वाटायचं नुसतं मोजता येतं."

मी उठले. पैसे ठेवायचंही सुचलं नाही. चढावरून धावत ऑफिसकडे निघाले. पाच हजार मीटरवर न लागणारी धाप मला त्या दोन गल्ल्यांत लागली.

ऑफिस रिकामं होतं. मी खुर्चीवर बसले आणि या वेळी चोर शोधला नाही, पत्र शोधलं. शोधाच्या चौकटीशेजारी एक लहानसा बाण असतो. तो दाबला की विचारतं: फक्त या फोल्डरमध्ये, की सगळीकडे? इतके दिवस मी फक्त इनबॉक्समध्ये शोधत होते. सगळीकडे म्हटलं, आणि प्रयोगशाळेचं नाव टाकलं. पत्र लगेच समोर आलं. तीन फेब्रुवारी. डाव्या बाजूच्या यादीत अगदी तळाशी, जुन्या नमुन्यांच्या फोल्डरांखाली, एक फोल्डर होतं. त्याचं नाव होतं 'नंतर'. त्यात एकशे तीस पत्रं होती. सगळ्यांवर वाचल्याची खूण.

आणि मग मला आठवलं.

गेल्या वर्षी, बक्षिसाच्या दिवशी, डॉक्टर उगार्तेंनी सगळ्या संस्थेला पत्र पाठवलं, प्रत रोस्मेरीला. आमच्याकडे अभिनंदन खासगीत करत नाहीत. त्या पत्राला सगळ्यांनी सगळ्यांना उत्तरं दिली. शाब्बास रोस्मेरी. आमचा अभिमान रोस्मेरी. ड्रायव्हरनं पाठवलं, पहारेकऱ्यानं पाठवलं, निवृत्त झालेल्या एका बाईंनी कविता पाठवली. दर अर्ध्या मिनिटाला कोपऱ्यात चौकट उगवत होती आणि प्रत्येकीत तिचं नाव होतं. बाविसाव्या पत्रानंतर मी नियमांचं पान उघडलं आणि लिहिलं: ज्या पत्राची प्रत रोस्मेरीला गेली असेल ते इनबॉक्समध्ये दाखवू नये, वाचल्याची खूण करून 'नंतर'मध्ये टाकावं. कोपरा शांत झाला. मी कामाला लागले आणि विसरले.

वर्षभर त्या नियमाला फारसं काम नव्हतं. कामाच्या पत्रांची प्रत तिला कशाला जाईल? ती तर माझ्यासारखीच एक होती. पण दोन तारखेला ती प्रमुख झाली. आमच्या देशात वरच्याला प्रत न देता पत्र पाठवणं म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आधी ताट ओढणं. त्या दिवसापासून मला येणाऱ्या प्रत्येक पत्रावर तिचं नाव आलं, आणि माझा नियम प्रत्येक पत्र उचलून तळाशी टाकत राहिला. तिची स्वतःची पत्रं मात्र येत होती, कारण स्वतःला प्रत कोणी पाठवत नाही.

ऑस्ट्रियाच्या पत्रात खाली लिहिलं होतं: उत्तर अकरा फेब्रुवारीपर्यंत न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. मुदतीनंतर कळवायचं झाल्यास उशिराचं कारण विभागप्रमुखाच्या सहीच्या पत्रानं द्यावं.

आज बारा तारीख होती. विभागप्रमुख खानावळीत होती.

मी नियमांचं पान उघडलं. एकच नियम होता. त्याला मी तेव्हा नावही दिलं होतं: 'रोस्मेरी नको'. पुसून टाकायचं बटण शेजारीच होतं. दाबलं असतं तर कोणाला कळलं नसतं. ग्रोव्हरलाही नाही, तो घरातलं बघू शकत नाही. मी त्यावर बाण नेला. मग हात काढून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. ती चढावरून येताना दिसली, नवे बूट हातात, पायात खानावळीतल्या कुणाच्या तरी चपला.

ती आली आणि थेट आपल्या टेबलाकडे गेली.

"रोस्मेरी," मी म्हटलं, "इकडे ये. तुला काही दाखवायचं आहे."

ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी स्क्रीनकडे बोट केलं. तिनं वाचलं. नियमाचं नाव वाचलं, मग तारीख. तिच्या केसांत अजून निळी कागदी फीत होती, ती माझ्या खांद्याला लागत होती.

"ही बक्षिसाची तारीख आहे," ती म्हणाली.

"हो."

"कितव्या पत्रानंतर?"

"बाविसाव्या."

"मला वाटलं दहाव्यानंतर म्हणशील." ती शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पाय चोळू लागली. मग म्हणाली, "प्रमुखाला सहा महिने बाहेर जाता येत नाही. दोन तारखेला, केक कापायच्या आधी, उगार्तेंनी मला अर्ज मागे घ्यायला लावला. मी सही केली, आणि त्याच पत्रात नवी प्रमुख म्हणून माझं नाव त्यांना कळवलं गेलं. तीन तारखेला तुझं पत्र आलं. तू अकरा वर्षं वर जातेस, तुला डोकं धरत नाही, तुझ्या नळ्या कधी वाकड्या निघत नाहीत, आणि आता ऑस्ट्रियाही तुलाच. मला उठून तुझ्या टेबलाशी यायला चार पावलं होती. मी आले नाही. अकरा तारीख उद्यावर आली तरी आले नाही. मला वाटलं, हिला जर सांगायचंच नसेल तर बुडू दे तिची तारीख."

मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. "तुझ्यासाठी घेतलेली सुटकेस मी मुद्दाम लहान निवडली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी शेजारीच उभी होते, आंधळी नव्हते."

मग तिनं माझा कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि स्वतःची पेटी उघडली. मी तिला कारण लिहून द्यायला विनंतीही केली नव्हती, आणि तसं कोणत्या तोंडानं करणार होते कोण जाणे. तिनं चार ओळी लिहिल्या. 'आमच्या कार्यालयातील टपालव्यवस्थेत तांत्रिक बिघाड झाल्याने श्रीमती कासिल्दा युख्रा यांना आपले पत्र वेळेत मिळू शकले नाही. चूक त्यांची नाही.' त्या चार मिनिटांत झाल्या. मी दिवसभर बसले असते तरी इतकं सोपं, इतकं पटणारं लिहू शकले नसते. तिथेही मला तिचा हेवा वाटला.

"हे खरं नाही," मी म्हटलं.

"बिघाडच आहे. कुठे झाला ते त्यांनी विचारलेलं नाही." तिनं सही केली, पाठवलं, आणि प्रत मला दिली. "थांब, आधी तो नियम काढ. नाहीतर त्यांचं उत्तरही तुला 'नंतर' मिळेल."

मी नियम काढला. कोपऱ्यात चौकट उगवली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसची चाल्या होती. आम्ही दरवर्षी कार्निव्हलआधी टेबलांना, यंत्रांना कागदी फिती गुंडाळतो, त्यांच्यावर फुलांच्या पाकळ्या टाकतो आणि जमिनीवर दारूचे थेंब शिंपडतो, वर्ष चांगलं जावं म्हणून. ग्रोव्हर सर्व्हरच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभा होता. "बाहेरून! बाहेरून आशीर्वाद द्या! आत एक थेंब नको!" रोस्मेरी सिंगानीची बाटली घेऊन टेबलामागून टेबल फिरत होती. माझ्या टेबलापाशी येऊन तिनं स्क्रीनला पिवळी फीत गुंडाळली, माझी, खानावळीत राहिलेली.

"पाचामामा," ती धरणीमातेला मोठ्यानं म्हणाली, "या बाईची पत्रं हिला मिळू देत. हिच्या घरातल्या चोराला अक्कल येऊ दे."

सगळ्या जणी हसल्या. त्यांना वाटलं कालचं भांडण मिटलं. तिनं दोन थेंब जमिनीवर टाकले आणि तिसरा माझ्या बुटावर. तो चुकून पडला की नाही ते मी सांगू शकत नाही.

कार्निव्हलचे चार दिवस पाऊस आणि गारा. मिकाएलाला घेऊन मी एकदाही रोस्मेरीकडे गेले नाही आणि तीही आली नाही. राखेच्या बुधवारी सकाळी ऑफिसात आले तेव्हा स्क्रीनवरची फीत तशीच होती. तिच्या फटीतून मी इनबॉक्स उघडला. पहिलंच पत्र ऑस्ट्रियाचं होतं, प्रत रोस्मेरीला. बिघाडाबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं. जागा माझी होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यावं.

डॉक्टर उगार्तेंनी दहा वाजता सगळ्या संस्थेला कळवलं, प्रत मला. मग सुरू झालं. दोन्या होविता. ग्रोव्हर. ड्रायव्हर. पहारेकरी. निवृत्त झालेल्या बाईंनी कविता पाठवली. ओळखीची वाटली, बहुतेक गेल्या वर्षीचीच होती, नाव बदलून. बारा वाजेपर्यंत मी अडतीस पत्रं मोजली. रोस्मेरीचं त्यात नव्हतं.

मी इनबॉक्स परत वरून खालपर्यंत पाहिला. नको असलेल्या पत्रांत पाहिलं. सगळीकडे शोध लावून पाहिला. मग उठले आणि चार पावलं चालून तिच्या टेबलापाशी गेले. ती साल्तेन्या, आमची रसभरली करंजी, खात होती, रस सांडू नये म्हणून मान पुढे काढून.

"कोमाद्रे, तुझं पत्र आलं नाही."

"कसलं?"

"अभिनंदनाचं."

"अगं, काय सांगू तुला." तिनं तोंड पुसलं. चेहरा अगदी गंभीर होता. "सकाळपासून माझी पेटी बंदच आहे. एक पत्र येईल तर शपथ. ग्रोव्हरला बोलावलं आहे."

तिच्या स्क्रीनवर डाव्या यादीत, अगदी तळाशी, एक नवं फोल्डर होतं. नाव 'नंतर'. शेजारी आकडा होता, अडतीस. मी बघत असतानाच तो एकोणचाळीस झाला.

"हे कधी वाचणार?" मी विचारलं.

"तुझं विमान उडालं की," ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी साल्तेन्या माझ्यापुढे केली.